कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स कॅल्क्युलेटर: पीएच आणि मॅक्सिमा-मिनिमाच्या गणितांसाठी घ्यावा का?

धाकटी बहीण एफवाय बीएस्सीला आहे, तिच्यासाठी घेतलाय, आणि तिच्यासोबत बसून केमिस्ट्री मॅथ्स दोन्हीची भरपूर गणितं यावर सोडवून झालीत. मला जाम आवडलाय.

मुख्य कारण वीक ॲसिडची, म्हणजे पाण्यात थोडंसंच आयनांत फुटणाऱ्या ॲसिडची, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) काढायची गणितं. बारावीत लॉग टेबल घेऊन बसायचं असतं त्यामुळे वर्गसमीकरण नको म्हणून सगळे १ वजा अल्फा (अल्फा म्हणजे ॲसिडचा फुटलेला भाग) म्हणजे १ च धरतात. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिडला ते खपून जातं, केए (ॲसिड किती फुटतं त्याचा स्थिरांक) १.८ × १०^-५ धरला तर शॉर्टकटने पीएच २.८७ आणि पूर्ण सोडवून २.८८. पण तेच ॲसिड ०.००१ मोलर घ्या, शॉर्टकटने ३.८७ येतो आणि खरा ३.९०, म्हणजे हायड्रोजन आयनच्या कॉन्सन्ट्रेशनमध्ये जवळजवळ ७ टक्के फरक! ह्यात मेनूत इक्वेशन, मग पॉलिनॉमियल, डिग्री २, तीन सहगुणक टाकले की दोन्ही रूट हजर, निगेटिव्हवाला सोडून द्यायचा, कॉन्सन्ट्रेशन काय निगेटिव्ह नसतं. मग शॉर्टकट मारायची गरजच उरत नाही.

पण मांडणी आपलीच हां. १०^-८ मोलर एचसीएलचा नुसता लॉग काढला तर पीएच ८ दाखवणार, आता ॲसिड टाकून पाणी बेसिक कसं होईल? पाण्याचे स्वतःचे आयन धरून समीकरण मांडलं की ६.९८ येतं, आणि ते धरायचं हे डोक्यातच असावं लागतं.

कॅल्क्युलसला तर फारच मस्त. ते नेहमीचं गणित घ्या, १२ सेमीचा चौरस पुठ्ठा, चारही कोपरे कापून वर दुमडून उघडा डबा, घनफळ जास्तीत जास्त हवं. कापायच्या कोपऱ्याची बाजू एक्स आणि घनफळ वाय धरायचं, विस्तार करून ४, -४८, १४४, ० हे सहगुणक डिग्री ३ ला टाकायचे आणि बरोबरचं बटण दाबत जायचं, रूट संपले की लोकल मॅक्सिमम पण दाखवतो, एक्स २ आणि वाय १२८. पायऱ्या दाखवत नाही, त्यामुळे पेपरात डेरिव्हेटिव्ह हातानेच, हा ताळा करायला.

ट्रिगचा डेरिव्हेटिव्ह घेताना आधी रेडियन लावा, डिग्रीवर राहिला तर साइनचा ० पाशी १ च्या जागी ०.०१७४५ येतो आणि पोरं गोंधळतात. साध्या (बेस १० च्या) लॉगला शिफ्ट दाबावं लागतं, पीएच काढताना ते सारखं लागतं, पण हात बसतो.

बारावी बोर्ड, सीईटी, नीट, जेईई मेन यात कॅल्क्युलेटर चालतच नाही, तेव्हा त्या मुलांनी आत्ता घेऊ नका, लॉग टेबलचाच हात पक्का करा. डिग्री, डिप्लोमावाल्यांनी बिनधास्त घ्या, प्रोग्रामेबल नाहीये, पण आपल्या कॉलेजात परीक्षेला हे मॉडेल चालतं का ते आधी विचारून घ्या.