हेरोदकालीन मातीचा दिवा: आठ महिने रोज लावल्यानंतर

डिसेंबरात, नाताळाच्या आधी हा दिवा घेतला. पहिल्या शतकात यहूदियात, म्हणजे येरुशलेमच्या आसपासच्या प्रांतात, घरोघरी लागणाऱ्या दिव्याची ही प्रतिकृती. तळहातावर मावेल एवढा, वरून बंद, मधे तेल ओतायला भोक आणि पुढे पसरट चोच. मूळ दिव्याचं अंग चाकावर घडवत, चोच मागून जोडत आणि सुरीने तासत. पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) बायका आणि त्यांचे दिवे हा माझ्या संध्याकाळच्या वाचनाचा विषय, म्हणून शोभेला न ठेवता रोज लावला.

आधी तक्रार. दिवा पाझरतो. पणतीसारखा रात्रभर पाण्यात भिजवून वाळवला, तरी आठवड्यात खालचा विणलेला रुमाल तेलकट झाला. विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता खाली स्टीलची ताटली असते. ऑलिव्ह तेल महाग पडतं, पण धूर कमी. एकदा भरला की साधारण पाच तास जळतो, तेही मधून मधून काजळी झाडून वात सारली तरच.

ही वात सारता सारताच नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय मला नव्याने कळला. सद्गुणी स्त्रीचा दिवा रात्री मालवत नाही, हे वचन लहानपणापासून पाठ होतं. मी त्यात तिचं तेज बघायचे. पण दिवा आपोआप रात्रभर जळत नाही! मधे उठून तेल घालावं लागतं. म्हणजे ती उठत होती.

लूकच्या 15 व्या अध्यायातल्या बाईचं तर मी प्रत्यक्षच अनुभवलं. मार्चमध्ये एका रात्री वीज गेली आणि कानातल्याची फिरकी पडली. दिवा उंच धरला तर जमिनीवर त्याचीच सावली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेवटी गुडघे टेकले, दिवा फरशीपासून वीतभर अंतरावर आणला आणि केरसुणी हळूहळू फिरवली. पलंगाच्या पायाशी बारीकसं काहीतरी लकाकलं. दहा नाण्यांतलं एक हरवलेली ती बाई दिवा लावते, घर झाडते, नीट शोधते. एका नाण्याची किंमत सुमारे एका दिवसाची मजुरी. तिला किती वेळ वाकावं लागलं असेल!

मत्तयाच्या शुभवर्तमानात दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट बघतात. त्या दृष्टांतात मूर्ख पाचजणींचं तेल संपतं आणि शहाण्या पाचजणी त्यांना आपलं तेल देत नाहीत, हे मला नेहमी कठोर वाटायचं. आता वाटत नाही. मत्तयाने तिथे वापरलेला ग्रीक शब्द मशालीलाही वापरतात, आणि मशाल तर याहून जास्त तेल पिणार. वाटून घेतलं असतं तर वाटेतच दहाही विझल्या असत्या. (इस्राएलचा न्याय करणारी संदेष्टी दबोरा, तिच्या नवऱ्याचं नाव लप्पिदोथ, त्या हिब्रू शब्दाचा अर्थही मशाली. म्हणून काही जण तिथे ‘लप्पिदोथाची बायको’ऐवजी ‘मशालींची स्त्री’ असंही वाचतात. मला हे वाचन फार आवडतं.)

सगळ्यात जवळची वाटते ती शूनेमची बाई. अलीशा संदेष्ट्यासाठी ती माडीवर खोली बांधून घेते आणि त्यात पलंग, मेज, आसन नि दिवा ठेवते. तिचं नावही दिलेलं नाही. पण पाहुण्याला रात्री उजेड लागेल, हे तिच्या लक्षात होतं.

ईस्टरला पहाटेच्या उपासनेला दिवा घेऊन निघाले. फाटकापाशीच वाऱ्याने विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. पायरीवर ठेवला आणि तशीच अंधारात चालू लागले. मरीया मग्दालीया येशूच्या कबरेकडे गेली तेव्हाही अंधारच होता, असं योहान लिहितो. त्या दिवशी ते वचन चर्चमध्ये वाचलं गेलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

घरात लावायला जरूर घ्या. फक्त चोचीचं भोक बघून घ्या. माझ्या दिव्यात जाड वात जात नाही, कापूस दर वेळी बारीक वळावा लागतो.