ट्रायल की नुसती स्टडी? बाबांसाठी आम्ही काय ठरवलं

बाबांना पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली, आता विसरायलाही लागलेत, आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या, नव्या औषधाची ट्रायल किंवा नुसती निरीक्षणाची स्टडी. घरात सगळ्यांचं एकच, ट्रायलच घेऊया, निदान औषध तरी मिळेल!

पण तसं नसतं हो. खरं औषध की हुबेहूब दिसणारं खोटं, हे बऱ्याचदा कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो आणि ते डॉक्टरलाही माहीत नसतं. शिवाय खरं मिळालं तरी चालेलच असं नाही. एक्झेनटाइड हे डायबेटिसचं इंजेक्शन, २०१७ मध्ये लंडनला पार्किन्सनच्या ६२ पेशंटवर बघितलं तेव्हा सगळे खूश, मग ब्रिटनमध्येच १९४ जणांवर ९६ आठवडे मोठी ट्रायल केली, आणि २०२५ मध्ये निकाल आला की काहीच फरक नाही. उलट बाबा आज रिव्हास्टिग्मिनचा पॅच लावतात ना, ते औषध पार्किन्सनच्या विसरण्यावर थोडंफार चालतं हे २००४ मध्ये ५४१ जणांच्या ट्रायलमधूनच कळलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी मळमळ काढली तेव्हा कुठे.

स्टडीत गोळ्या आहेत त्याच राहतात. वास ओळखा, रक्त द्या, चालून दाखवा, कधी पाठीतलं पाणी. (वास ओळखायच्या अमेरिकन पुस्तिकेत रूट बिअर नावाच्या तिकडच्या थंड पेयाचा वास असतो, आमच्या बाबांनी तो कधी घेतलाय!) तुम्हाला लगेच फायदा शून्य, पण अशाच एका स्टडीतल्या ११२३ जणांवरून २०२३ मध्ये दाखवता आलं की पाठीतल्या पाण्यात बिघडलेलं अल्फा-सायन्युक्लिन, म्हणजे पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणारं प्रोटीन, पकडता येतं.

आमचं ठरलं ते घड्याळामुळे. ट्रायलच्या तपासणीत बाबांना अकरा वाजून दहा मिनिटं काढायला सांगितली, तर त्यांनी एक काटा अकरावर आणि दुसरा सरळ दहावर नेला. स्मरणाचा स्कोअर कमी आला की बऱ्याच ट्रायलमध्ये घेतच नाहीत, तिथेच संपलं, मग राहिली स्टडीच.

तुमचा पेशंट अजून टवटवीत असेल, सोबत जाणारं कुणी असेल तर ट्रायलचा विचार जरूर करा, फक्त सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद आहे का बघा, संमतीचा फॉर्म मराठीत मागा, आणि ट्रायलमुळे काही झालं तर उपचार आणि भरपाईचं ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे काय लिहिलंय ते वाचा. आणि हे सगळं त्यांना कळतंय तोवरच त्यांना विचारा.

आम्ही विचारलं तर बाबा म्हणाले, "पाठीत सुई नको, बाकी काय ते करा."