पन्नास लिटरचे भांडे आणि ३ किलोवॅटचे एलिमेंट: अकरा बॅचनंतरचा अभिप्राय

आमच्या परवानाधारक लघु-ब्रुअरीत बिअरची नवी पाककृती मोठ्या टाकीत उतरवण्याआधी २० लिटरच्या बॅचवर तपासून पाहता यावी, म्हणून मागच्या शेडमध्ये विजेवर चालणारा छोटा संच आम्ही स्वतः जुळवून घेतला. त्यावर आजवर अकरा बॅच झाल्या आहेत, त्यामुळे त्याचे गुणदोष सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. (हाच खटाटोप घरी करू पाहणाऱ्यांनी भांडे विकत घेण्याआधी अबकारी खात्यात चौकशी करावी, मद्यनिर्मितीला परवाना लागतो.)

रचना साधी आहे. पन्नास लिटरचे स्टीलचे भांडे, त्याच्या तळाशी आडवे बसवलेले, पाणी तापवणारे विजेचे एलिमेंट, त्यावर जाळीची टोपली आणि खालचे पाणी उपसून पुन्हा वर सोडणारा छोटा पंप. टोपलीत साधारण ५ किलो भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, घालायचा, तासभर तो ठराविक तापमानाला भिजवायचा, टोपली उचलून निथळू द्यायची आणि उरलेला गोड रस, म्हणजे वॉर्ट, त्याच भांड्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी फुले) घालून उकळायचा. माल्टच्या तयार अर्कापासून बिअर करणाऱ्याला यातले निम्मे काम नसते, पण धान्यापासून सुरुवात केली तरच चवीवर खरा ताबा मिळतो.

हा ताबा तापमानावर अवलंबून आहे आणि इथेच संच आपली किंमत वसूल करतो. धान्यातल्या पिष्टाची साखर करणारी दोन मुख्य विकरे वेगवेगळ्या तापमानाला जोमात असतात: ६२-६४ अंशांजवळ भिजवल्यास यीस्टला पचणारी साखर जास्त मिळून बिअर हलकी व कोरडी होते, तर ६८-७० अंशांजवळ ती अंगाने भरलेली आणि किंचित गोडसर राहते. पूर्वी आम्ही गॅसच्या शेगडीवर हे करत होतो आणि ज्योत कमीजास्त करता करता काटा चार-पाच अंश इकडेतिकडे जात असे. काजूच्या भट्टीवरचा जाणता माणूस लाकडे आत-बाहेर सारून जाळ नेमका राखतो, ते कसब मला अजून साधलेले नाही. आता पीआयडी कंट्रोलर (तापमान मोजून एलिमेंटची वीज आपोआप कमीजास्त करणारे यंत्र) ६६ अंशांवर लावला की तासभर काटा अर्ध्या अंशाच्या आत राहतो. ३० लिटर पाणी २८ अंशांवरून त्या तापमानाला यायला अर्धा तास लागतो आणि संपूर्ण बॅचला वीज सुमारे ५ युनिट जळते.

भांड्याच्या कामाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बाजारातले ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे भांडे घेऊन एलिमेंटसाठी व नळासाठी भोके पाडण्याचे आणि सॉकेट वेल्ड करण्याचे काम औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडे दिले होते. कागदावर आकृती दिलेली असूनही त्याने एलिमेंटचे भोक तळापासून साडेतीन इंच वर पाडले. त्यामुळे भांड्यात किमान ११-१२ लिटर द्रव असल्याशिवाय एलिमेंट बुडत नाही, कोरडे तापले तर ते क्षणात जळते, आणि दहा लिटरची छोटी चाचणी घेण्याचा आमचा विचार तिथेच बारगळला. वेल्डिंगनंतर आतला सांधा साफ करून न दिल्यामुळे तिसऱ्या बॅचला तिथे तांबूस डाग दिसले. ते घासून, गरम पाण्यात सायट्रिक अॅसिड घालून रात्रभर ठेवल्यावर गेले. काम घरी आणण्याआधी आतून बोट फिरवून पाहावे, एवढे मी यातून शिकलो.

विजेच्या पेटीत आम्ही कुठेही काटकसर केली नाही. ३ किलोवॅटचे एलिमेंट २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढते. त्याला १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन, एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आणि भांड्याला जोडलेले अर्थिंग हवेच, कारण ओल्या फरशीवर उभे राहून हे काम चालते. एलिमेंट चालू-बंद करणारा एसएसआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रिले, बिघडला तर बहुतेक वेळा चालूच्या स्थितीत अडकतो, म्हणून त्याच्याआधी हाताने तोडता येणारा कॉन्टॅक्टर (जास्त करंटचा स्विच) बसवला आहे. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेतली आणि त्या माणसाचे काम नीटनेटके निघाले.

पेटी कितीही चांगली असली तरी बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजपुढे इलाज नाही. संध्याकाळी ते २०० वर उतरले की एलिमेंटची शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटून जेमतेम २.३ किलोवॅट उरते आणि उकळी मंदावते. फिक्या माल्टच्या वॉर्टला जोमदार उकळी मिळाली नाही तर बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो. सातव्या बॅचला तो आला. तेव्हापासून आम्ही सकाळी सातला सुरुवात करतो.

पंप ठीक आहे; माल्ट फार बारीक भरडला तर जाळी तुंबते, पण तो दोष भरडणाऱ्याचा. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मृदू असल्याने प्रत्येक बॅचला थोडे जिप्सम (कॅल्शियमचा क्षार) घालावे लागते. पेटी, पंप आणि भांडे मिळून खर्च ३८,००० रुपयांच्या आसपास आला.

खरी अडचण तापवण्यात नसून थंड करण्यात आहे. यीस्ट घालण्याआधी उकळलेला वॉर्ट लवकर २० अंशांवर आणावा म्हणून पंधरा मीटर तांब्याच्या नळीची गुंडाळी त्यात सोडतो आणि तिच्यातून पाणी फिरवतो. थंडीच्या दिवसांत हे जमते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणीच ३४ अंशांचे असते आणि वॉर्ट ३८ वर येऊन अडून बसतो. मग आम्ही मासळी बाजारातून लादीचा आठ-नऊ किलो बर्फ आणतो, तो टबातल्या पाण्यात फोडून घालतो आणि तेच पाणी नळीतून फिरवतो. बर्फाचा वॉर्टशी संबंध येत नाही, त्यामुळे त्याच्या वासाची काळजी नाही. यात आणखी वीस-पंचवीस मिनिटे जातात. उन्हाळ्यात ज्या दिवशी बर्फ मिळत नाही, त्या दिवशी आम्ही नॉर्वेतले क्वेइक जातीचे यीस्ट वापरतो. ते ३५ अंशांनाही बिनतक्रार आंबवते.