पक्के बिल नाही, म्हणून फसवणूकही नाही?

मी एका पतसंस्थेत हिशेब तपासणीचे काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्यांवर शेरे मारणे हीच माझी नोकरी. त्यामुळे पुढचा मजकूर लिहिताना मला लाज वाटते आहे, हे आधीच सांगते. तरीही लिहिते आहे, कारण ज्याने वापरलेला आयफोन नवा म्हणून देऊन मला ५२,६९९ रुपयांना बुडवले त्याचे दुकान आजही पुण्याच्या मध्यवस्तीत उजळ माथ्याने चालू आहे.

२०२४ च्या दिवाळीत मला आयफोन १५ घ्यायचा होता, कारण जुन्या अँड्रॉइडची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेनाशी झाली होती. सप्टेंबरमध्ये आयफोन १६ बाजारात आल्यावर पंधराची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० रुपयांवर उतरली होती आणि ऑनलाइन सेलमध्ये तो साठ हजारांच्या आत मिळत होता. म्हणून या दुकानदाराने ५८,५०० रुपये सांगितले तेव्हा संशय घेण्याजोगे त्यात काहीच नव्हते. 'स्वस्ताला भुललीस' असे ऐकवणाऱ्या नातेवाइकांनी त्या आठवड्याचे भाव काढून पाहावेत. जुन्या फोनचे त्याने ९,५०० धरले. उरलेल्या ४९,००० मध्ये वाढीव वॉरंटीचे २,४९९ आणि कव्हर व काचेचे १,२०० मिळवले. त्यांतले २०,००० मी यूपीआयने दिले आणि ३२,६९९ रोख. यूपीआयवर दुकानाऐवजी कुणा व्यक्तीचे नाव दिसले, पण पाडव्याच्या गर्दीत, मागचे गिऱ्हाईक खांद्यावरून डोकावत असताना, तेवढ्यावरून कोण हुज्जत घालत बसतो? तुम्ही मात्र घाला.

बिल मागितले तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, पक्कं बिल देतो की, पण मग अठरा टक्के वर लागतील. दहा हजार पाचशे तीस. कशाला उगाच सरकारला घालता?" मोबाइलवर जीएसटी १८ टक्के आहे आणि तो दुकानातल्या भावात आधीच धरलेला असतो, हे मला ठाऊक आहे. पण हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही आणि ऐकून कधी मान डोलावली नाही, असा पुणेकर मला दाखवावा. मी 'एस्टिमेट' असे छापलेला कागद घेतला. त्यावर फोनचे नाव होते आणि रक्कम होती. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असणारा ओळख क्रमांक, नव्हता, जीएसटी क्रमांकही नव्हता.

बिलापेक्षाही मला त्या खोक्याचा संताप येतो. ते घट्ट, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते. त्यावर नखाने टकटक करून तो म्हणाला, "बघा, कंपनीचं सील. कुणाचा हात लागलेला नाही." आयफोन १३ पासून खोक्यावर प्लास्टिकचे वेष्टन येतच नाही, मागच्या बाजूला कागदी पट्ट्या असतात, त्या ओढून फाडायच्या असतात. म्हणजे ज्या प्लास्टिकने माझी खात्री पटवली, तेच प्लास्टिक ओरडून सांगत होते की हे खोके कंपनीने नव्हे, आणखी कुणीतरी बंद केले आहे. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की आमच्या कार्यालयातल्या एकीने आदल्याच वर्षी आयफोन १४ माझ्या टेबलावर उघडला होता. त्या पट्ट्या फाटताना मी पाहिल्या होत्या. दुकानात क्षणभर मनात आलेही की तिच्या खोक्याला असे काही नव्हते. तोंड उघडणार, एवढ्यात त्याने पात्याने प्लास्टिक कापून टोपलीत टाकले, "जुना डेटा चढवून देतो" म्हणत दोन्ही फोन आत नेले आणि थेट सुरू झालेला फोन माझ्या हातात ठेवला. नवा फोन पहिल्यांदा चालू होताना जो पडदा दिसतो, तो मी पाहिलाच नाही. आपला फोन आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच हाताने चालू करावा; दुकानदार घाई करू लागला तर उठून यावे.

डिसेंबरमध्ये चार्जिंग होईना, म्हणून अधिकृत सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलीने सेटिंग्जमध्ये 'जनरल' आणि मग 'अबाउट' उघडून मॉडेल क्रमांकाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवले. तिथे 'एम' असेल तर फोन नवा विकलेला, 'एफ' असेल तर कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला, 'एन' असेल तर कुणाच्या तरी बिघडलेल्या फोनच्या बदली दिलेला. माझ्या फोनवर 'एन' होते. त्याची वॉरंटी ऑक्टोबरमध्येच, म्हणजे मी तो विकत घेण्यापूर्वी, संपली होती. पडद्यापुढे 'अज्ञात भाग', म्हणजे कंपनीचा असल्याची खात्री नसलेला, असा शेरा होता आणि बॅटरीची चार्जिंगची ६११ चक्रे झालेली होती. स्टार-हॅश-०६-हॅश दाबल्यावर आलेला आयएमईआय आणि खोक्यावरचा आयएमईआय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे सारे काउंटरवर दोन मिनिटांत तपासता येते. पण नव्या फोनची बॅटरी किती वापरली गेली आहे, हे तपासायचे असते असे कुणाच्या मनात येईल?

दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. "आमच्याकडूनच घेतला कशावरून? बिल दाखवा." हे त्याने म्हणणे समजू शकते, तो चोरच आहे. पण त्यानंतर मी जिथे जिथे गेले, तिथे तिथे खुर्चीवरच्या माणसाने नेमके तेच शब्द उच्चारले. चौकीत सांगितले की हा दिवाणी मामला आहे. मी म्हटले की जुन्या कायद्यातले ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे आणि फसवणूक हा अजूनही गुन्हाच आहे, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" मग हद्दीचा प्रश्न निघाला: दुकान एका ठाण्याच्या हद्दीत, मी राहते कोथरूडला. सायबरच्या टेबलावर सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, ओटीपी कुणी चोरला नाही, तेव्हा हे आमच्याकडे येत नाही. एका हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि बिल जोडलेले नाही या कारणाने ती तक्रार बंदही करून टाकली. कर खात्याच्या कार्यालयात दुकानाचा जीएसटी क्रमांक विचारला; तो क्रमांक त्याने दिला नाही हीच तर माझी तक्रार होती! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. म्हणजे जो गुन्हा त्याने केला, त्याचा पुरावा त्यानेच मला द्यायला हवा होता, आणि तो दिला नाही म्हणून गुन्हा झालाच नाही, असा हा न्याय आहे. माझ्या कामात मी असा शेरा मारला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते.

जुन्या फोनची धास्ती वेगळीच. तो माझ्या नावावर घेतलेला, वर्षानुवर्षे माझेच सिम घातलेला, आणि आता कुणाच्या हाती आहे हे मला माहीत नाही. जुना फोन देताना त्याच्या आयएमईआयसह पोहोच लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर तो फोन घरातल्या कपाटात पडलेला बरा. दुसऱ्याचा वापरलेला फोन घेणार असाल तर इंग्रजीत केवायएम (KYM), मध्ये जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असल्यास कळते.

मी आता यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची भावाची बोलणी आणि तो 'एस्टिमेट'चा कागद जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांनी गेल्या सणासुदीला प्लास्टिकचे सील असलेला आयफोन घेतला असेल, त्यांनी आजच ते पहिले अक्षर पाहावे आणि दुकानदाराशी झालेले एकही संभाषण पुसू नये.