हिटलरची टिंगल: चॅप्लिन दाखवायचा की लुबिच?

फिल्म क्लबात किंवा वर्गात युद्धकाळातला एकच नाझीविरोधी विनोदी चित्रपट दाखवायचा असेल, तर निवड बहुतेक वेळा चार्ली चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) आणि अर्न्स्ट लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२) यांच्यावर येऊन थांबते.

प्रेक्षक सगळ्या वयांचे असतील तर चॅप्लिन. हिंकेलची, म्हणजे चॅप्लिनने रंगवलेल्या नकली हिटलरची, भाषणं बनावट जर्मनमध्ये आहेत, त्यांना सबटायटल लागत नाहीत. शिवाय दुकानांच्या काचांवर ‘ज्यू’ रंगवणारे शिपाई इथे उघड दिसतात. चित्रपट लागला तेव्हा अमेरिका तटस्थ होती, हे आधी सांगा. नाहीतर त्यातलं धाडस कळत नाही. अडचण लांबीची. दोन तासांच्या वर जातो आणि ज्यू वस्तीतल्या प्रसंगांत रेंगाळतो. शेवटचं भाषण तर विनोद बाजूला ठेवून थेट कॅमेऱ्याकडे बघून केलंय. काहींना तोच कळस वाटतो, आम्हाला तिथे प्रचार कलेवर कुरघोडी करताना दिसतो. वेळ कमी असेल तर पृथ्वीगोलाच्या फुग्याशी खेळण्याचा प्रसंग तेवढा दाखवा.

चर्चा घडवायची असेल तर मात्र लुबिचच. सुमारे ९९ मिनिटं, वॉर्सातली नाटकमंडळी आणि वेषांतरावर वेषांतर. इथे हिटलर जवळजवळ नाहीच. हसू येतं ते वरिष्ठाला टरकून प्रत्येक चूक हाताखालच्यावर ढकलणाऱ्या गेस्टापो (नाझी गुप्त पोलिस) अधिकाऱ्याचं. बर्लिनच्या ज्यू घरात जन्मलेल्या लुबिचने शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या ज्यू सावकाराचं, शायलॉकचं, भाषण एका दुय्यम नटाच्या तोंडी दिलंय, तेही ‘ज्यू’ शब्द गाळून. ही गाळलेली जागा चॅप्लिनच्या रंगवलेल्या काचांशेजारी ठेवली की चर्चा आपोआप सुरू होते. प्रदर्शनाआधीच, जानेवारी १९४२ मध्ये, नायिका कॅरोल लोंबार्ड विमान अपघातात गेली. युद्धरोख्यांच्या विक्रीचा दौरा आटोपून ती परतत होती. त्यात पोलंडवरचे विनोद अनेक समीक्षकांना झोंबले.

खबरदारी दोन. पहिली दहा मिनिटं चुकली तर कोण कोणाच्या वेषात आहे याचा पत्ता लागत नाही, म्हणून उशिरा येणाऱ्यांना थांबवून ठेवू नका, सरळ सुरुवात उशिरा करा. आणि प्रत मागवताना वर्ष तपासा: मेल ब्रूक्सचा त्याच नावाचा १९८३ चा रिमेक रंगीत आहे, तोच हाती पडायचा.

सोबत लघुपट हवा असेल तर चार्ल्स रिडलीचा दोनेक मिनिटांचा ‘लँबेथ वॉक’ उत्तम. ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ या नाझी प्रचारपटातल्या संचलनाचे तुकडे पुढे-मागे जोडून त्याने सैनिकांना नाचायला लावलंय. मूळ संचलनाची दोन-तीन मिनिटं आधी दाखवली नाहीत तर विनोद फुकट जातो. डिस्नेचा डोनाल्ड डकवाला ‘डेर फ्युररर्स फेस’ सुमारे आठ मिनिटांचा आणि ऑस्करविजेता आहे, पण त्यातलं जपानी वादकाचं चित्रण उघड वंशद्वेषी आहे. शाळकरी मुलांसमोर तो समजावून सांगायला कोणी नसेल तर तो वगळाच.