क्लिपच्या बाटल्या: सात महिने आणि एक वॉशर

काल जिंजर बिअरच्या तीन बाटल्या उघडल्या. तिन्ही फुस्स, वायूचा पत्ताच नाही! म्हणून लिहायला बसलो.

तारेच्या क्लिपच्या (झाकण तारेने दाबून बसतं, मध्ये रबराचा वॉशर) सहा बाटल्या, 1,140 रुपये. खरी बिअर लायसन्सशिवाय घरी केली तर 1949 चा दारूबंदी कायदा आहे, म्हणून मी आलं आणि मधावर समाधान मानतो. आंबवलेलं असल्याने यातही किंचित अल्कोहोल होतंच, पोरांना देत नाही.

काच झकास. जाड आणि गोल. चौकोनी शोभेच्या बाटलीत हा उद्योग करू नका, वायूचा दाब कोपऱ्यांवर येऊन ती फुटते.

दुखणं वॉशरचं. तांबडं रबर, चार महिन्यांत त्यावर बाटलीच्या तोंडाचा खोल वळ. विक्रेत्याला फोन केला तर, "सुटे वॉशर येत नाहीत, सेटच घ्या." सहा रबरांसाठी परत 1,140? चार मिनिटं भांडलो, मग त्यानेच फोन ठेवला.

इथवर सकाळी लिहिलं होतं. दुपारी एक बाटली घेऊन जांभळी नाक्याला कुकर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने क्लिप दोनदा उघडली-लावली आणि म्हणाला, "काका, रबर उलटं घाला. आणि तार ढिली झालीय." पक्कडीने तार जरा आत दाबली. पैसे घेतले नाहीत.

घरी बाटल्यांत पाणी भरून वर्तमानपत्रावर उलट्या धरल्या. कालच्या तीनपैकी दोन ठिबकत होत्या. तिसरी कोरडी, म्हणजे तिथे चूक माझी. पाहुणे येणार म्हणून ती सहा तासांतच फ्रीजमध्ये ढकलली होती. थंडीत यीस्ट झोपतं, वायू होणार कुठून? तेव्हा वॉशरला घातलेल्या शिव्यांपैकी एक तृतीयांश परत.

चवीला मात्र तोड नाही. मधातली साखर जवळपास सगळी आंबते, त्यामुळे पेय हलकं, कोरडं लागतं. मांघरहून आणलेल्या जांभूळ मधाचा शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा राहतो, मला तोच आवडतो. मध पाणी कोमट झाल्यावरच घाला, उकळत्यात घातला तर सुगंध उडून जातो.

वायू धरायला ठाण्याच्या मे महिन्यात फ्रीजबाहेर दीड दिवस पुरे, डिसेंबरात चार लागले होते. अंदाजासाठी याच खेपेतलं थोडं सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून शेजारी ठेवतो. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या फ्रीजमध्ये.

तारा आवळून नवी खेप आज संध्याकाळी भरली. प्लास्टिकची बाटली आत्तापर्यंत तीनदा दाबून पाहिली.