व्होल्व्हो २४० टर्बोचं इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवला: अकरा महिने, साडेसहा हजार मैल

घाईत असाल तर एवढंच वाचा: करू नका. तरीही करणारे असतातच, मीही त्यातलाच. त्यांच्यासाठी पुढचं.

गाडी १९८३ ची, मॅन्युअल गिअरची. मी मिशिगनमध्ये यप्सिलांटीजवळ राहतो. इंजिन बी२१एफटी, २१२७ सीसी, कॉम्प्रेशन ७.५:१. युरोपात हेच इंजिन १५५ अश्वशक्तीचं होतं, अमेरिकेत उतरलं ते १२७ घेऊन. पेट्रोल देणारी यंत्रणा बॉशची के-जेट्रॉनिक. इंजेक्शन म्हटलं की लोकांना कॉम्प्युटर आठवतो, पण के-जेट मुळात यांत्रिक आहे. आत येणारी हवा एक थाळी उचलते, थाळीचा दांडा प्लंजर (पेट्रोल मोजून सोडणारी छोटी दांडी) वर ढकलतो, आणि चारही इंजेक्टरना पेट्रोलची धार अखंड चालू राहते. आधीच्या मालकाने गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी ठेवली. शिळ्या पेट्रोलचा चिकटा प्लंजरवर बसला आणि तो अडकला. दोनदा दुरुस्त करून घेतला. दुसऱ्यांदा पार्सल उघडलं तर कडेने गळतच होता. तिथे माझं डोकं फिरलं.

कोल्हापूरला बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी बावीस वर्षं पद्मिनी चालवली. म्हणाले, "अरे, सगळं जग कार्बोरेटर काढून इंजेक्शन लावतंय, २०२० ला बीएस ६ आलं तेव्हा इथल्या मोटरसायकलींचेही गेले, आणि तू उलटा निघालास?" मग जरा थांबून, "चोक आहे ना पण त्याला?"

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्यावर कार्बोरेटर बसवायच्या दोन पद्धती. एक, कार्बोरेटर टर्बोच्या आधी. १९६२ च्या शेवरोले कॉर्व्हेअर स्पायडरला असाच होता, आणि कॉर्व्हेअर बनायची ती माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या विलो रनच्या कारखान्यात. रचना सोपी. पण पाय उचलला की टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जातं, आणि पाइपभर पेट्रोलमिश्रित हवा खेळत असते. दुसरी पद्धत म्हणजे टर्बोने दाबलेली हवा कार्बोरेटरमधून ढकलायची. मी ही घेतली, आणि पहिले दोन महिने तिनेच माझा घाम काढला.

मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात हवा नेणारा फाटे असलेला पाइप, नदीपलीकडून, कॅनडाच्या ओंटारिओतल्या भंगारवाल्याकडून आणला. कॅनडात २४० कार्बोरेटरवरही विकली जायची, त्यामुळे तिच्या बी२१ए इंजिनाचा मॅनिफोल्ड तिकडे मिळतो. त्यावरचाच जुना एसयू या ब्रिटिश बनावटीचा कार्बोरेटर लावला. पहिल्याच दिवशी हायवेच्या रॅम्पवर टर्बोने दाब धरला आणि इंजिन ठोकायला लागलं, मग दमच तोडला. कारण घरी येऊन बॉनेट उघडल्यावर कळलं. फ्लोट चेंबरची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीची) हवेची नळी मी मोकळी सोडली होती. कार्बोरेटरच्या घशात सहा पीएसआय दाब आणि चेंबरमध्ये बाहेरची साधी हवा. शहाळ्यातल्या स्ट्रॉमध्ये ओढायच्या ऐवजी फुंकर मारली तर पाणी वर येईल का? पेट्रोल जेटमधून (बारीक भोकातून) वर यायच्या ऐवजी मागे ढकललं जात होतं, तेही सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच. नळी टर्बोच्या बाजूच्या प्लेनमला (दाबलेल्या हवेच्या डब्याला) जोडली, तो प्रश्न मिटला.

मग वास. थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याच्या दोन्ही टोकांतून दाबाखाली पेट्रोलची वाफ निघायची. त्या खाली तापलेलं इंजिन. साध्या एसयूला तिथे सील नसतं, कारण त्याला आतून ढकलणारं कधी कोणी भेटलेलंच नसतं. ब्रिटनमधून एमजी मेट्रो टर्बोचा एसयू एचआयएफ४४ मागवला. १९८२ च्या त्या गाडीत कारखान्यातूनच ही पद्धत होती. त्याच्यासाठी ॲल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट घडवून घेतली. जो कोणी हे करणार असेल त्याने इथे पैसे वाचवू नयेत. आणि आग विझवायचा सिलिंडर गाडीत ठेवावा, डिकीत नव्हे, हाताशी.

पेट्रोलच्या दाबाचंही तेच. के-जेटला पाच बारच्या आसपास लागतो, कार्बोरेटरच्या फ्लोटची पेट्रोल अडवणारी सुई तेवढ्याने बसणारच नाही. पंप बदलला आणि असा रेग्युलेटर घेतला की टर्बोचा दाब जेवढा वाढेल तेवढाच पेट्रोलचा वाढेल. फरक कायम चार पीएसआय. परतीची नळी के-जेटची होतीच.

खरी मजा नीडलची. एसयूत एकच निमुळती सुई जेटमध्ये वर-खाली होते, आणि तिची जाडी प्रत्येक अष्टमांश इंचावर ठरलेली असते. बाजारात तयार सुया मिळतात, पण माझ्या जोडणीला जुळणारी एकही नव्हती. ड्रिलच्या चकमध्ये सुई फिरवत बारीक एमरी पेपर लावायचा, मायक्रोमीटरने मोजायची, बसवायची, टेकडीवर नेऊन मिश्रणाचा गेज बघायचा, परत यायचं. टर्बोच्या दाबाखाली एक भाग पेट्रोलला हवेचं प्रमाण बाराच्या खाली हवं होतं, तेराच्या वर जात होतं. पाच सुया वाया गेल्या. सहावी अजून चालतेय. दिवसा ऑफिसात मी हेच मिश्रण जुळवायचं काम कीबोर्डवर करतो.

हिवाळा बरा गेला. उणे चौदाला चोक ओढून दुसऱ्या फिरकीला सुरू व्हायची, फक्त कार्बोरेटरच्या डॅम्परमधलं (त्यातल्या सुई धरणाऱ्या पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या भागातलं) ऑइल पातळ करावं लागलं, नाहीतर तो पिस्टन गोठल्यासारखा जड उठायचा. उन्हाळा मात्र नको. जुलैत वाणसामान घेऊन दहा मिनिटांत बाहेर यावं तर गाडी सुरूच होत नाही. चेंबरमधलं पेट्रोल बॉनेटखालच्या उष्णतेने उकळलेलं असतं, त्यात इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल. पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, तीन-चार वेळा खोकते, मग घेते. बायकोने त्या दिवसापासून ही गाडी घेणं सोडलंय.

ॲव्हरेज गॅलनला एकवीस मैलांवरून अठरावर आलं. ताकद वाढली का? नाही. पिकअप खालून किंचित गुळगुळीत वाटतो, पण तो माझ्या मनाचा भागही असेल. धूर नक्की वाढला. मिशिगनमध्ये धुराची तपासणी होत नाही म्हणून कोणी विचारत नाही, पण रस्त्यावरच्या गाडीची उत्सर्जन यंत्रणा काढणं अमेरिकेच्या कायद्यात बसत नाही, आणि हे लिहिताना मला फार अभिमान वाटत नाही. ज्यांच्या राज्यात तपासणी आहे त्यांनी विषय इथेच सोडावा.

मिळालं काय, तर बिघाड दिसायला लागला. पूर्वी गाडी रुसली की दाबाचे गेज लावून अंदाज बांधायचो. आता टर्बोकडून येणारा पाइप काढून बोटाने कार्बोरेटरचा पिस्टन उचलतो, रेस चढते की उतरते ते ऐकतो, आणि पाव फेरा स्क्रू फिरवतो.

के-जेटचं सगळं सामान लेबलं लावून तळघरात ठेवलंय. परवा एकाने विकत मागितलं. दिलं नाही.